मातृभाषेचे भांडवल

१९०४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात बावीस वर्षांचा एक आयरिश पदवीधर, आपल्या योग्यतेचा मान राखील आणि पोटालाही पुरेल असे काम डब्लिनमध्ये मिळण्याची आशा सोडून, सहचारिणीला बरोबर घेऊन झुरिकला येऊन उतरला. तेथल्या बर्लिट्झ शाळेत इंग्रजी शिकविण्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली आहे, असे इंग्लंडातील एका दलाली करणाऱ्या कचेरीने त्याला कळविले होते आणि त्याबद्दलचे शुल्कही घेतले होते. प्रत्यक्षात झुरिकला जागा नव्हती. तेथून त्याला त्रिएस्तला पाठविण्यात आले. तेथेही जागा नव्हती. अखेर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमाराचा तळ असलेल्या पोला या बंदरात, नौदलाच्या अधिकाऱ्यांना इंग्रजी शिकविण्याच्या कामावर तो रुजू झाला आणि दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये त्रिएस्तला परतला. हा तरुण म्हणजे जेम्स जॉइस. पुढे ज्या ग्रंथांमुळे जगाने त्याला ओळखले त्यांपैकी कित्येकांचे लेखन त्याने याच शिकवण्यांच्या तुटपुंज्या मिळकतीवर आणि धाकट्या भावाच्या पगारातून वारंवार घेतलेल्या उसनवारीवर केले, आणि शिकवण्यांच्या निमित्तानेच रंगाच्या कारखान्याचा एक मालक त्याचा शिष्य झाला, जो इतालो स्वेवो या नावाने इटालियन कादंबरीकारांच्या अग्रमालिकेत जाऊन बसला. या थोर योगायोगांचे कौतुक क्षणभर बाजूला ठेवले, तर जी हकिगत उरते ती आजही दरसाल सहस्रावधी तरुणांच्या वाट्याला जशीच्या तशी येते: हातात पदवी आहे, मायदेशी काम नाही, दूरच्या मुलखात आपल्या घरच्या भाषेला मोल आहे असे कानावर आलेले आहे, आणि मधे एक दलाल उभा आहे.

परदेशी जाऊन इंग्रजी शिकविणे हा घरच्या बेकारीवरचा उतारा म्हणून गेल्या चार दशकांत रूढ झालेला मार्ग आहे. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, दक्षिण आफ्रिका या देशांतून निघून जपान, दक्षिण कोरिया, चीन, थायलंड, स्पेन आणि अरबी आखातातील राज्ये यांच्याकडे जाणारा हा ओघ केवळ साहसाच्या वा प्रवासाच्या हौसेचा नाही. त्यामागे अर्थशास्त्र आहे, राज्यकर्त्यांची धोरणे आहेत आणि भाषेसंबंधीच्या काही जुनाट समजुतीही आहेत. या सर्वांचा एकत्र विचार केल्यावर माझ्या मनात एक गोष्ट ठाम होत गेली, ती आरंभीच नमूद करतो. या बाजारात तरुणाकडून जे विकत घेतले जाते ते बहुतांशी त्याचे ज्ञान किंवा अध्यापनकौशल्य नसून त्याची जन्मभूमी असते, आणि या व्यवहारातील बहुतेक सर्व दुःखांचे मूळ तेथेच सापडते.

जन्मभूमीला हे मोल कसे आले? त्याचे उत्तर एका अध्यापनपद्धतीत आहे. १८७८ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरी मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी आपली भाषाशाळा काढली. त्या शाळेच्या परंपरेत एक कथा सांगितली जाते, ती अशी: फ्रेंच शिकविण्यासाठी त्यांनी जोली नावाचा सहायक नेमला, पण तो येऊन दाखल झाल्यावर कळले की त्याला इंग्रजीचा गंधही नाही. त्याच सुमारास बर्लिट्झ आजारी पडले आणि वर्ग नाइलाजाने त्या सहायकाच्या हवाली करावा लागला. काही आठवड्यांनी ते परतले तेव्हा विद्यार्थी हावभाव, वस्तू आणि प्रश्नोत्तरे यांच्या आधारे फ्रेंचमध्ये बोलत होते. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातून जी पद्धती निघाली तिने शिक्षकाच्या पात्रतेची कल्पनाच उलटी केली. विद्यार्थ्याची भाषा शिक्षकास ठाऊक नसणे हे तोवर वैगुण्य समजले जात होते. आता ते चालण्याजोगे, किंबहुना इष्ट ठरले. भाषांतर नको, व्याकरणाचे स्पष्टीकरण नको, शिक्षकाने आपली भाषा बोलत राहावे एवढेच पुरे, असे एकदा मान्य झाले की ती भाषा आईच्या मांडीवर शिकलेला कोणीही मनुष्य, त्याने अन्य काही शिकलेले असो वा नसो, वर्गात उभा राहण्यास पात्र होतो. आणि ज्या देशात असे मनुष्य बेकार पडून आहेत त्या देशातून ते आणविता येतात. या दोन गोष्टींची गाठ पडली तेथे हा धंदा जन्माला आला.

आपल्याकडे जे इंग्रज अध्यापक आले त्यांची गोष्ट वेगळी होती, हेही येथे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून आलेला एडविन अर्नोल्ड हा राज्यकर्त्यांच्या सेवेतील अंमलदार होता. त्याच्यामागे सरकारची सनद होती आणि पुढे निवृत्तिवेतनाची आशा. ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत ते असे अधिकारारूढ होऊन जात नाहीत. ते चाकरी मागण्यास जातात. १८९० साली जपानात येऊन मात्सुए गावच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागलेला लाफकाडिओ हर्न, किंवा केंब्रिजने १९२९ साली अधिछात्रवृत्ती काढून घेतल्यानंतर १९३१ मध्ये टोकियोला अध्यापक झालेला समीक्षक विल्यम एम्प्सन, हे या वाटेवरचे पूर्वसूरी म्हणता येतील.

वाटेचा राजमार्ग झाला तो मात्र १९८० नंतर. अमेरिकेशी चाललेल्या व्यापारी कलहामुळे आपण जगापासून अलिप्त आहोत हा ठपका धुऊन काढण्याची निकड जपानला भासत होती. १९८७ साली तेथील सरकारने ‘जेट’ या नावाने ओळखली जाणारी योजना सुरू केली आणि पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण आणविले. २००२ पर्यंत ही संख्या ६,२७३ वर गेली. अट एवढीच की पदवी हवी. ती कोणत्या विषयाची, हे कोणी विचारीत नव्हते. भूगर्भशास्त्राचा किंवा नाट्यशास्त्राचा पदवीधर जपानच्या डोंगराळ भागातील माध्यमिक शाळेत ‘सहायक भाषाशिक्षक’ म्हणून दाखल होई, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे काम एवढेच असे की जपानी शिक्षकाने खूण करताच पाठ्यपुस्तकातील उतारा मोठ्याने वाचून दाखवावा. आपण माणसे नसून बोलती ध्वनियंत्रे आहोत, अशी या सहायकांची जुनी तक्रार आहे. आणि जो देश त्यांना इतक्या आस्थेने बोलावतो, निवास देतो, नियमित वेतन देतो, त्यानेच त्यांच्या बुद्धीचा इतका अल्प उपयोग करावा, याचे मला खरोखर वाईट वाटते.

दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये ‘एपिक’ ही सरकारी योजना काढली आणि १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेत इंग्रजी आणले. चीनने २००१ मध्ये तोच निर्णय घेतला. परंतु कोरियात सरकारी शाळेहूनही अधिक मागणी होती ती ‘हागवन’ या नावाच्या खासगी शिकवणीवर्गांची. तेथील कुटुंबे मुलांच्या खासगी शिक्षणावर किती खर्च करतात याची कल्पना सरकारी पाहणीवरून येते: २०२३ मध्ये हा आकडा सुमारे २७ लाख कोटी वॉन होता. या शिकवणीवर्गांना परदेशी चेहरा दारात उभा करावयाचा असे, आणि तो मिळविण्यासाठी ते विमानाचे भाडे व राहण्याची खोली देण्यास तयार असत.

मागणी अशी तयार असतानाच पश्चिमेत मंदीची लाट आली. अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बेकारीचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले. ब्रिटनमध्ये २०११ च्या अखेरीस पंचविशीच्या आतील बेकारांची संख्या दहा लाखांवर गेली. आयर्लंडमध्ये बेकारी १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. या देशांतील पदवीधर केवळ बेकार नव्हता, तो कर्जबाजारीही होता. अमेरिकेतील विद्यार्थिकर्जाची एकूण रक्कम २०१२ च्या सुमारास एक लाख कोटी डॉलरांच्या पलीकडे गेली होती, आणि इंग्लंडमध्ये त्याच वर्षापासून विद्यापीठाचे वार्षिक शुल्क नऊ हजार पौंडांपर्यंत वाढविण्यात आले. ज्या मुलाला आपल्या गावी उपाहारगृहात कपबशा उचलण्यापलीकडे काम नव्हते आणि ज्याच्या नावे दरमहा कर्जाचा हप्ता फिरत होता, त्याला बिनभाड्याचे घर आणि नियमित वेतन देऊ करणारी सोलहून आलेली जाहिरात ही सुटकेची वाट वाटली तर त्यात नवल नव्हते. तो पळून गेला असे म्हणणाऱ्यांनी त्याच्यापुढे दुसरा कोणता रस्ता खुला होता तेही सांगावयास हवे.

या करारनाम्याकडे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण या व्यवसायाचे मर्म त्यातील कलमांत आहे. मुदत एक वर्षाची. सरकारी शाळेत आठवड्याला २२ तास अध्यापन व एकूण ४० तास हजेरी. हागवनात बहुधा ३० तास अध्यापन. एक खोली, तीत पलंग, शेगडी, कपडे धुण्याचे यंत्र. आरोग्यविमा व निवृत्तिनिधी यांचा अर्धा हिस्सा मालकाचा. वर्ष पुरे केल्यावर कोरियाच्या श्रमकायद्याप्रमाणे एका महिन्याचे वेतन निरोपादाखल. येथपर्यंत सर्व समाधानकारक आहे. पण परवाना ‘ई-२’ वर्गाचा, आणि तो मालकाच्या नावाशी बांधलेला. मुदतीच्या आत नोकरी बदलावयाची झाल्यास जुन्या मालकाचे संमतिपत्र लागते. मालक सज्जन असेल तर हे कलम कागदावरच राहते. तो तसा नसेल, तर खोली त्याची, परवाना त्याच्या हातचा, आणि निरोपाचे वेतन टाळण्यासाठी अकराव्या महिन्यात काहीतरी निमित्त काढून बडतर्फीचा कागद हाती ठेवणे त्याला सहज शक्य असते. अशा तक्रारी तेथील शिक्षकांच्या वर्तुळात इतक्या परिचित आहेत की नवागताला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी अकराव्या महिन्याविषयी सावध करतो.

संध्याकाळचा हागवन डोळ्यांपुढे आणावा. इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील, काचेच्या भिंतीने दोन केलेल्या खोलीत आठ-दहा मुले बसलेली असतात. दिवसभराची शाळा संपवून ती आलेली आहेत, त्यांतील एखादे गणिताच्या वर्गातून थेट आले आहे आणि याच्यानंतर त्याला पियानोच्या वर्गाला जायचे आहे. प्रत्येकाला शिक्षकाने किंवा आईने एक इंग्रजी नाव दिलेले असते आणि ते नाव त्याला फक्त या खोलीपुरते असते. काचेपलीकडून पालक किंवा व्यवस्थापक पाहत असतो. शिक्षक तेवीस वर्षांचा. चित्रांची पाने उलटीत तो त्याच वाक्यांचा घोष करवितो, आणि त्याला हे कळत असते की समोरच्या मुलाचे डोळे मिटू लागले आहेत. मुलांवरचा हा भार सरकारलाही मान्य करावा लागला. सोलमध्ये रात्री दहानंतर हागवन चालविण्यास बंदी आहे, आणि २००९ पासून ही बंदी मोडणाऱ्यांची खबर देणाऱ्यास इनाम देण्याचीही व्यवस्था करण्यात आली. अशा ठिकाणी आपल्या देशातून सुटका करून घेण्यास आलेला एक तरुण आणि कशातूनही सुटका नसलेले एक लहान मूल समोरासमोर येतात. या विषयावरच्या बहुतेक लेखनात त्या मुलाचा उल्लेख नसतो. मला तो वारंवार आठवतो.

कोरियाने या परदेशी शिक्षकांकडे काही काळ संशयानेही पाहिले. २००७ मध्ये, पूर्वी कोरियात शिकविलेला एक कॅनेडियन गुन्हेगार थायलंडमध्ये पकडला गेल्यावर, सर्व परदेशी भाषाशिक्षकांस चारित्र्याचा दाखला आणि एचआयव्हीसह वैद्यकीय तपासणी सक्तीची करण्यात आली. चारित्र्याचा दाखला मुलांच्या रक्षणासाठी आवश्यकच होता. रक्ततपासणी मात्र परदेशी म्हणून होती, कारण कोरियन शिक्षकांस ती लागू नव्हती. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेच्या तक्रारीवरून संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविषयक समितीने २०१५ मध्ये ती अन्याय्य ठरविली आणि २०१७ मध्ये कोरियाने ती रद्द केली.

परंतु परक्या मुलखात मालकाच्या भरवशावर राहण्यातील धोका संपूर्ण उघडा पडला तो जपानमध्ये. १९८१ साली ओसाकात निघालेली ‘नोव्हा’ ही संभाषणवर्गांची साखळी वाढत वाढत देशातील सर्वांत मोठी झाली होती; तिचा गुलाबी सशाचा शिक्का लहान मुलांनाही ठाऊक होता. विद्यार्थ्यांकडून शेकडो तासिकांचे पैसे आगाऊ घेणे हा तिच्या धंद्याचा पाया होता, आणि त्या आगाऊ पैशांतूनच नव्या शाखा उघडल्या जात. करार मोडल्यास पैसे परत देण्याच्या तिच्या रीतीविरुद्ध एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, जूनमध्ये सरकारने नवे दीर्घ मुदतीचे करार करण्यास सहा महिने मनाई केली, आणि आगाऊ पैशांचा ओघ आटताच सारी इमारत खाली आली. ऑक्टोबरमध्ये तिने दिवाळखोरीपासून संरक्षणासाठी न्यायालयात अर्ज केला तेव्हा सुमारे चार हजार परदेशी शिक्षकांचे वेतन थकलेले होते. कित्येकांच्या वेतनातून घरभाडे कापून घेतले जात होते, पण ते घरमालकांपर्यंत पोहोचलेच नव्हते. त्यामुळे वेतन नाही आणि खोली खाली करण्याची नोटीस मात्र हाती, अशी अवस्था झाली. शिक्षकांच्या संघटनेने तेव्हा असा उपक्रम काढला की जुन्या विद्यार्थ्यांनी शिक्षकाला जेवू घालावे आणि त्याने त्यांना पाठ द्यावा. मायदेशी बेकार असलेला मनुष्य निदान मायदेशात असतो, त्याची भाषा बोलणारे शेजारी त्याच्याभोवती असतात. येथे आपल्या भाषेवरच पोट असलेला मनुष्य त्या भाषेच्या बदल्यात एका वेळचे जेवण घेत होता. कंपनीचा अध्यक्ष पुढे निधीच्या अपहाराबद्दल दोषी ठरला. पण बुडालेली वर्षे त्याने कोणाला परत मिळाली नाहीत.

चीनमधील प्रकरणाचे स्वरूप याहून वेगळे, पण धडा तोच. २०१३ मध्ये बेजिंगमध्ये निघालेल्या ‘व्हीआयपीकिड’ या संस्थेने शिक्षकाला घर सोडण्याचीही गरज ठेवली नाही. अमेरिकेतील गावात पहाटे चार-पाच वाजता उठावे, दिवा लावावा, संगणकापुढे बसून शांघायच्या मुलाला पंचवीस मिनिटे शिकवावे आणि मग आपल्या नोकरीवर जावे किंवा आपल्या मुलांना उठवावे, असा क्रम सहस्रावधी स्त्री-पुरुषांनी स्वीकारला. संस्थेच्या सांगण्याप्रमाणे उत्तर अमेरिकेतील तिच्या शिक्षकांची संख्या एक लाखाच्या घरात गेली होती. त्यांत वेतन अपुरे पडणारे शाळामास्तर होते, लहान गावांतील गृहिणी होत्या. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने मुलांवरचा अभ्यासाचा व शिकवण्यांचा भार कमी करण्याचे फर्मान काढले आणि त्यात परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवून घेण्यास मनाई केली. काही महिन्यांत हा रोजगार नाहीसा झाला. हुकूम अयोग्य होता असे मी म्हणणार नाही, कारण ज्या मुलाविषयी वर लिहिले त्याच्या बाजूने तो होता.

आता या साऱ्या व्यवस्थेच्या मर्मस्थानी येतो. इंग्रजी शिकविण्यासाठी कोरियाच्या ‘ई-२’ परवान्यास सामान्यतः सात देशांचे नागरिकच पात्र आहेत: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. यांतील शेवटच्या नावापाशी क्षणभर थांबावे. दक्षिण आफ्रिकेच्या २०११ च्या जनगणनेत घरी इंग्रजी बोलणाऱ्यांचे प्रमाण ९.६ टक्के होते. झुलू, खोसा, आफ्रिकान्स या तेथील मोठ्या मातृभाषा आहेत. तरुणांची बेकारी त्या देशाइतकी भीषण जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि म्हणून कोरियाला जाणारे तेथील पदवीधर पुष्कळ. त्यांच्याकडून सातवीपासून पदवीपर्यंतचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाल्याचा दाखला घेतला जातो. म्हणजे घरी आफ्रिकान्स बोलणारी मुलगी, शिक्षण इंग्रजीतून झाल्याचा कागद दाखवून, ‘जन्मभाषक’ ठरते. तिला काम मिळाले याचा आनंदच आहे. पण मग तोच कागद दाखविणारा भारतीय, नायजेरियन किंवा फिलिपिनो शिक्षक त्याच न्यायाने पात्र का ठरू नये, याला भाषाशास्त्रात उत्तर नाही.

जन्मभाषक हाच आदर्श शिक्षक, या समजुतीला विद्वानांची मान्यता मिळाली ती १९६१ साली युगांडातील मकेरेरे येथे भरलेल्या परिषदेत, असे साधारणतः मानले जाते. स्वतः ब्रिटिश कौन्सिलच्या सेवेत काही वर्षे काढलेल्या रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात ही समजूत निराधार असल्याचे सप्रमाण मांडले. जो स्वतः ती भाषा कष्टाने शिकला, ज्याला तिच्यातील अडचणीच्या जागा ठाऊक आहेत आणि जो विद्यार्थ्याच्या चुकीमागची त्याची मातृभाषा ओळखू शकतो, तो शिक्षक कमी प्रतीचा कसा, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. बाजाराने मात्र विद्वानांचे ऐकले नाही. थायलंडच्या शाळांत फिलिपिनो शिक्षकांवर फार मोठा भार आहे, आणि त्यांतील बहुतेक अध्यापनाची पदवी घेऊन आलेले असतात. तरी शेजारच्या वर्गातील, अध्यापनाचे कोणतेही शिक्षण नसलेल्या युरोपीय तरुणापेक्षा त्यांचे वेतन सर्रास कमी असते. २००७ पासून जपानी विद्यार्थ्यांना संगणकावरून फिलिपिनो शिक्षकांशी जोडून देणारी ‘रेअरजॉब’सारखी संस्था वाढली ती याच वेतनातील तफावतीच्या आधारावर. एक मनुष्य आपल्या देशातील बेकारीतून सुटतो आणि त्याच वेळी, स्वतःचा काहीही दोष नसताना, अधिक शिकलेल्या दुसऱ्या बेकाराच्या वाट्याची जागा अडवून बसतो.

असे असले तरी या मार्गाने जाणाऱ्यास काही लाभत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोणाच्या वशिल्याशिवाय मिळालेले पहिले वेतन, दोन वर्षांत फिटलेले कर्ज, परक्या समाजात एकट्याने राहण्यातून आलेले धैर्य, यांचे मोल मोठे आहे. काहीजण वर्गातच आपला खरा व्यवसाय ओळखतात, रीतसर शिक्षण घेतात आणि उत्तम शिक्षक होतात. चार आठवड्यांचा का होईना, प्रत्यक्ष वर्गात परीक्षकासमोर सहा तास शिकवून दाखविण्याची अट असलेला केंब्रिजचा प्रमाणपत्र-अभ्यासक्रम आणि घरबसल्या विकत मिळणारे तथाकथित १२० तासांचे प्रमाणपत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे त्यांना पुढे अनुभवाने कळते. पण बाकीच्यांचे काय होते? तीन-चार करार संपतात, वय तिशीकडे झुकते, आणि मायदेशी परतल्यावर त्या वर्षांचा उल्लेख अर्जात कोठे करावा हेच समजत नाही, कारण ज्या कामासाठी जन्माखेरीज पात्रता लागली नाही त्या कामाचा अनुभवही घरच्या मालकाला पात्रता वाटत नाही.

घरच्या सरकारांचा हिशेब निराळा असतो. देशाबाहेर गेलेला तरुण बेकारांच्या गणनेतून आपोआप वजा होतो. आयर्लंडचेच पाहा. मंदीच्या वर्षांत तेथे नव्याने नेमल्या जाणाऱ्या शिक्षकांचे वेतन २०११ पासून १० टक्क्यांनी कमी करण्यात आले. कायम नेमणुका दुर्मीळ झाल्या, आणि आठवड्याच्या मोजक्या तासांवर किंवा रजेच्या जागेवर नवशिक्षकांनी दिवस काढले. हे जन्माच्या भांडवलावर जाणारे नव्हते, रीतसर शिकलेले शिक्षक होते, आणि ते मोठ्या संख्येने दुबई व अबू धाबीच्या शाळांत गेले. आज डब्लिन परिसरातील शाळांना शिक्षक मिळत नाहीत, अशी तेथील मुख्याध्यापकांची तक्रार आहे. जॉइसला ज्या शहराने काम दिले नाही, त्या शहराने शंभर वर्षांनी आपले शिक्षकही असेच जाऊ दिले.

महाराष्ट्रातील वाचकाला ही आयरिश हकिगत परकी वाटणार नाही. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आले आणि त्याच वर्षी ‘शिक्षणसेवक’ या नावाने अल्प मानधनावरील नेमणुकीची रीतही आली. पुढे पात्रता-परीक्षा, अभियोग्यता-परीक्षा, पवित्र पोर्टल यांच्या वळणावळणाच्या वाटेवर बी.एड. झालेली माणसे पस्तिशीला पोहोचली, आणि महाविद्यालयांत एम.ए., नेट झालेले कितीतरी प्राध्यापक तासिका तत्त्वावर, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत बिनपगारी, राबत आहेत. भारतीय शिक्षकाला परदेशाचा मार्ग अगदी नवा नाही. हैले सेलासी बादशहाच्या कारकीर्दीत इथिओपियाच्या शाळांत आणि पुढे भूतानमध्ये भारतीय शिक्षकांनी फार मोठे काम केले, आणि तेथे त्यांना बोलावले गेले ते शिक्षक म्हणूनच. आज थायलंड, व्हिएतनामकडे जाणाऱ्यांत मराठी मुले-मुलीही आहेत. कोरियाचे दारही थोडे उघडलेले आहे: १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात भारतीयांसाठी सहायक इंग्रजी शिक्षकाची तरतूद आहे, परंतु तीत पदवीबरोबर अध्यापनाचा अधिकृत परवाना हवा, ही अट घातलेली आहे. मला ती अट योग्य वाटते. ती सातही देशांच्या नागरिकांस घातली गेली असती तर हागवनातील त्या मुलाचे कल्याण झाले असते आणि नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या बी.एड. झालेल्या मुलीला आपला कागद पुढे करताना पारपत्राच्या रंगाची चिंता करावी लागली नसती.

तोवर जाणाऱ्याने जावे, पण कागद पाहून जावे. थायलंडमध्ये पर्यटकाच्या परवान्यावर शिकविणे हा गुन्हा आहे; निघण्यापूर्वी नोकरीसाठीचा ‘बी’ वर्गाचा परवाना, तेथे गेल्यावर काम करण्याचा स्वतंत्र परवाना आणि शिक्षक-परिषदेची अनुज्ञा, या तिन्ही गोष्टी लागतात, आणि ‘आधी या, मग कागद करू’ असे सांगणारा दलाल शाळेचा मनुष्य नसतो. पदवीचे प्रमाणपत्र राज्य शासनाकडून साक्षांकित करून, पुढे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का घेण्यास आठवडे जातात. ते काम घरी असतानाच पुरे करावे. करारनाम्यात शाळेचे नाव, आठवड्याचे तास, निवासाचा खर्च कोणाकडे आणि मुदतीआधी नोकरी सुटल्यास परतीचे भाडे कोण देणार, ही चार कलमे स्पष्ट लिहिलेली नसतील तर अनामत रक्कम देऊ नये. झुरिकच्या शाळेत जागा आहे की नाही हे पत्र लिहून विचारणे १९०४ मध्येही शक्य होते. आज तर शाळेला सरळ दूरध्वनी करता येतो, आणि तो निघण्याच्या आधी करावा.